वस्तीतल्या मुलांचे वृत्तपत्र वस्तीतूनच निघाले पाहिजे!

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या वस्त्यावस्त्यांतून स्मरणिका आणि विशेषांक निघू लागतात. गुळगुळीत कागद, चार रंगांची छपाई, पानापानांवर हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या नावांची रांग. या स्मरणिकेत त्याच वस्तीतल्या आठवीतल्या मुलीने लिहिलेल्या चार ओळी कुणी शोधून दाखवाव्यात! सापडल्याच तर त्या शिक्षकांनी लिहून दिलेल्या भाषणाच्या असतात. जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे नाचणारी ही मुले आमच्या छापील कागदावर मात्र कोठेच नाहीत. प्रस्थापित वृत्तपत्रांत ती दोनच वेळा दिसतात. अत्याचार झाला की, नाहीतर गुन्हा घडला की. मधल्या सगळ्या दिवसांची बातमी कोण देणार?

म्हणून वस्तीतल्या किशोरवयीन मुलामुलींचे एक छोटे स्थानिक वृत्तपत्र निघाले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचा आराखडाही आम्ही येथे मांडत आहोत, कारण आमच्याकडे घोषणा उदंड होतात आणि आराखड्याच्या वेळी सगळे चहाला जातात.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते, आणि पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. परंतु त्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत दोन भागांत छापला होता. मांग-महारांच्या बाया उघड्यावर कशा बाळंत होतात, आम्हाला धर्म कोणता, हे त्या मुलीने थेट विचारले. आज तिच्या वयाच्या मुलीने असे काही लिहून आणले तर आमचेच कार्यकर्ते म्हणतील, बाळ, हे मोठ्यांचे विषय आहेत, तू रांगोळी स्पर्धेचे लिही!

मराठीत मुलांच्या वाचनाची सोय नव्हती असे नाही. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ साली निघाले, बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ साली. त्यांचे मोल आम्ही कमी करत नाही. पण ती मासिके. अख्ख्या महाराष्ट्रासाठी निघणाऱ्या मासिकाला आमच्या गल्लीतला नळ तीन दिवस का कोरडा होता हे कसे कळणार? मासिक मुलांसाठी काढता येते. स्थानिक वृत्तपत्र मुलांनाच काढावे लागते, कारण नळावर हंडा घेऊन तीच उभी असतात.

हे होऊ शकते का, असे विचारणाऱ्यांनी दिल्लीकडे पाहावे. तेथे रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांनी २००३ साली ‘बालकनामा’ नावाचे हिंदी वृत्तपत्र सुरू केले. ‘बढते कदम’ ही त्या मुलांची संघटना आणि तिच्या पाठीशी ‘चेतना’ ही संस्था. ज्या मुलांना लिहिता येत नाही त्यांनाही तेथे बातमीदार करण्यात आले. ती बातमी तोंडी सांगतात, दुसरे मूल ती लिहून घेते. त्यांना तेथे ‘बातूनी रिपोर्टर’ म्हणतात. रेल्वे रुळांवरची प्रेते उचलण्याचे काम मुलांच्या गळ्यात मारले जाते, ही बातमी याच मुलांनी बाहेर आणली. मोठ्या दैनिकांनी नंतर ती उचलली. आमच्या वस्तीत शाळा सुटलेली, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाऊन आलेली मुले आहेतच. त्यांना ‘तुला कुठे लिहिता येते’ म्हणून बाहेर ठेवले तर पत्र पुन्हा वर्गातल्या पहिल्या पाच हुशार मुलांचेच होईल.

आता आराखडा. वाचक ११ ते १७ वर्षांचे धरावेत. एक ए-थ्री कागद मध्ये दुमडला की ए-फोरची चार पाने होतात. सुरुवातीला एवढेच पुरे. अक्षर १३ पॉइंटचे आणि ओळींत अंतर १८ पॉइंटचे तरी हवे, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, ओळी चिकटल्या की नव्याने वाचणाऱ्याची नजर अडखळते. पानावर रकाने दोनच ठेवावेत. तीन केले तर ओळीत जेमतेम तीन-चार शब्द मावतात. मथळे आणि चित्रे वजा जाता एका पानावर साधारण ३०० शब्द बसतील, म्हणजे अख्ख्या अंकात १२००. हा हिशेब मुलांसमोर फळ्यावर मांडावा. मग कोणती बातमी ठेवायची, कोणती काढायची यावर मुले भांडतील, आणि त्या भांडणातच संपादन शिकतील. निळी शाई परवडत नसेल तर नको. पत्र शाईच्या रंगाने आंबेडकरी होत नसते.

पहिल्या पानावर काय घ्यायचे, हा खरा प्रश्न. तेथे वस्तीची एकच बातमी असावी आणि ती मोजून आणलेली असावी. ‘आमच्या शाळेची दुरवस्था’ हा निबंध झाला. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी बंधनकारक आहे; आपल्या शाळेत मुली किती, स्वच्छतागृहे किती, त्यांतली कुलूप लावलेली किती, पाणी किती दिवस होते, हे एका आठवड्याच्या नोंदीतून आणले की बातमी झाली. ‘स्वाधार’चे किंवा शिष्यवृत्तीचे पैसे रखडले असतील तर एखाद्या मोठ्या माणसाच्या नावाने १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर आले तर ते छापावे, नाही आले तर अर्जाची तारीख छापावी. विहारातली अभ्यासिका किती वाजता उघडते आणि किल्ली कोणाच्या खिशात असते, हीसुद्धा पहिल्या पानाची बातमी आहे. मग ती किल्ली आमच्याच एखाद्या मान्यवराच्या खिशात का असेना!

आतल्या पानांवर मुलाखत, पुस्तक, खेळ, चित्रकोडे, जे मुलांना वाटेल ते. भाषा वस्तीची राहू द्यावी. बोलणाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घ्यावे. शुद्धलेखन तपासण्याआधी नाव, आकडा आणि तारीख तपासावी.

एका बाबतीत मात्र मोठ्यांनी कडक राहिले पाहिजे. अत्याचारग्रस्त किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ ने आणि पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम २३ ने मनाई आहे. नाव गाळले म्हणजे भागले, असा गैरसमज सर्वत्र आहे. दोनशे घरांच्या वस्तीत ‘नववीत शिकणारी, चक्कीमागे राहणारी मुलगी’ एवढे लिहिले तरी सारी वस्ती ओळखते. शाळा, गल्ली, घर, फोटो यांतले काहीही जाता कामा नये. छापील वृत्तपत्र नियमित काढायचे ठरले की २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्यानुसार नोंदणीचेही पाहावे लागते. तेथे आणि प्रत्येक कायदेशीर जबाबदारीला सज्ञान माणूस उभा राहावा. पण सही त्याची असली तरी कात्री त्याची नसावी.

राहिला पैसा. ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत, आणि १९२९ साली ते पत्र बंद पडले. लिहिणारे हात कमी आणि वर्गणी थकलेली, हे आमच्या पत्रांचे जुने दुखणे आहे. म्हणून अंकाची किंमत ठेवावी, फुकट वाटू नये. सायकल दुरुस्तीवाला, झेरॉक्सवाला, चक्कीवाला यांच्या लहान चौकटी घ्याव्यात. पुढाऱ्याची जाहिरात आणि वाढदिवसाचा फोटो घेऊ नये; एक घेतला की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, आणि चौथ्या अंकापासून पत्र त्यांचेच होते. जमाखर्च दर अंकात छापावा आणि तो मुलांनीच मांडावा.

मोबाईलच्या काळात कागद कोण वाचतो, असे काही जण म्हणतील. घरातला मोबाईल बापाकडे किंवा भावाकडे असतो, मुलीच्या हाती तो शेवटी येतो, हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरी पाहून घ्यावे. अंक व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवावाच. पण एक प्रत विहाराच्या भिंतीवर, एक नळाजवळ, एक रेशन दुकानाबाहेर चिकटवावी. छपाईचे अजिबात जमत नसेल तर हाताने लिहिलेल्या भित्तिपत्रापासून सुरुवात करावी.

पहिल्या अंकासाठी ३१ जानेवारी ही तारीख आम्ही सुचवतो. त्यासाठी नोव्हेंबरमध्ये रविवारच्या वंदनेनंतर मुलांची पहिली बैठक आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत कोऱ्या कागदावर पेन्सिलने आखलेली डमी तयार हवी. छापखान्याचा दर मात्र आधीच विचारून ठेवावा. डिसेंबरात छापखाने दिनदर्शिकांत बुडालेले असतात, आणि चार पानांच्या कामाला तेव्हा कोणी उभे करत नाही.