चार्जरचा डबा का तापतो?



बॅटरीवरची गाडी आता खेडोपाडी दिसते. तिच्याबरोबर चार्जरचा डबाही घरात आला. डबा फार तापतो, अशी तक्रार पुष्कळांची असते. राजेहो, हे तापणे म्हणजे पैसे मोजलेली वीज वाया जाणे होय. पारसला कोळसा जाळून केलेली वीज अशी धुपायला परवडत नाही.

हिशेब पाहा. ३ किलोवॅटच्या चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर ३३३ वॅट उष्णतेत जातात. ९५ टक्के असेल तर १५८ वॅटच. रोज ४ तास, वर्षातून ३०० दिवस धरले, तर फरक सुमारे २१० युनिटांचा पडतो.

ही उष्णता येते कुठून? डब्यात आधी तीनशे-चारशे व्होल्टची एकदिश वीज तयार होते. मग चार ट्रान्झिस्टर, दोन-दोनच्या जोडीने, ती सेकंदाला लाखाच्या आसपास वेळा उलटसुलट करतात. यालाच ‘फुल ब्रिज’ म्हणतात. वेग मोठा असल्याने ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. पण पूर्ण दाब असताना ट्रान्झिस्टर चालू केला, की दर वेळी थोडी वीज त्यातच जळते. पाटाचे दार भरल्या पाण्याच्या दाबावर उचलण्यासारखेच हे. दाब उतरला की तेच दार सहज उचलते.

‘फेज-शिफ्टेड’ पद्धतीत नियंत्रक चिप हेच साधते. दोन्ही जोड्या एकदम चालल्या तर बॅटरीकडे वीज जात नाही. एक जोडी जितकी मागे ठेवावी तितकी जास्त जाते. बदलाच्या वेळी चिप क्षणभर थांबते. तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरमधला प्रवाह ट्रान्झिस्टरवरचा दाब उतरवतो, आणि मगच तो चालू होतो. युनिट्रोड कंपनीची यूसी ३८७५ ही अशीच चिप. ही कंपनी १९९९ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. मात्र भार फार कमी असला की प्रवाह अपुरा पडतो आणि हा फायदा घटतो.

सगळ्याच चार्जरांत ही सोय नसते. म्हणून घेताना पूर्ण व अर्ध्या भारावरची कार्यक्षमता विचारावी. अकोला-अमरावतीकडचा उन्हाळा आपण जाणतोच. आतले कंडेन्सर १० अंश जास्त तापले, तर त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. डबा सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. त्यावर पोते टाकू नका. बंद केल्यावरही आत जबर दाब उरतो, तेव्हा घरी उघडूच नका.