धावा, पण बेताने

शर्यत म्हटली की आपल्या भागात आधी शंकरपट आठवतो. आता माणसांच्याही दौडी होतात. कुठे आजाऱ्याला औषध हवे, कुठे शाळेला खोली हवी. अशा कामाला पैसा जमावा म्हणून दौड ठेवतात. धावणारा वर्गणी भरतो व चार ओळखीच्यांकडूनही गोळा करतो. मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मोठ्या दौडीतून कित्येक सेवाभावी संस्थांना निधी मिळाला आहे.

अशी छोटी दौड तीन किंवा पाच किलोमीटरची असते. अंतर थोडे वाटते, पण सवय नसली की अर्ध्या वाटेतच दम लागतो. मग वेग कसा वाढवावा?

रोज जीव तोडून पळाल्याने वेग वाढत नाही. पटाची जोडी रोज दिवसभर पळवली, तर ऐन पटाच्या दिवशी ती बसेल. शहाणा मालक बैलाला बेताने पळवतो, चांगले चारतो आणि विसावा देतो. माणसाचेही तसेच आहे. जोराने धावल्यावर पाय थकतात. विसाव्यात ते भरून येतात आणि आधीपेक्षा बळकट होतात.

एमिल झाटोपेक हा जोड्यांच्या कारखान्यातला कामगार होता. तो ४०० मीटर जोरात धावे, मग थोडे हळू धावे, की पुन्हा ४०० मीटर जोरात. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने लांब पल्ल्याच्या तीन शर्यती जिंकल्या. त्याची रीत आपल्यालाही थोडक्यात करता येते.

दौडीच्या आठ आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन आठवडे दिवसाआड अर्धा तास थोडे चाला, थोडे हळू धावा. हळू म्हणजे किती? धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवस जोराचा ठेवा. आधी दहा मिनिटे हळू धावून अंग गरम करा. मग शंभर पावले जोरात धावा आणि दम खाली बसेपर्यंत चाला. असे पाच वेळा करा. दर आठवड्याला एक फेरी वाढवा. बाकीचे दिवस हळूच धावा. शेवटच्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या करा.

चिचगड-देवरी रस्त्यावर वाहने असतात. म्हणून सराव मैदानात किंवा गाडीवाटेवर करा. रोवणीच्या दिवसांत अंग आधीच थकलेले असते. तेव्हा जोराचा सराव नको.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. आपल्या गोंदिया, गडचिरोली भागात सिकलसेल हा आजार पुष्कळ आहे. तो आईबापांकडून मुलांना येतो. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि अंग फार दुखते. ऊन, तहान आणि अति श्रम यांनी हा त्रास उसळतो. म्हणून सरावाआधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नका. नुसते वाहक असाल तर धावता येते. पण पाणी पीत राहा आणि जोर हळूहळू वाढवा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा पायांत कळा आल्या, तर कोणीही असो, लगेच थांबावे व दवाखाना गाठावा.

बायकांनी का धावू नये? २०१३ साली बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारी लुगड्यात, अनवाणी तीन किलोमीटर धावल्या आणि पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचारासाठी त्यांना बक्षिसाचा पैसा हवा होता. मजुरीच्या कामाने त्यांचे पाय कसलेले होते.

दौडीच्या दिवशी दोन तास आधी थोडी पेज घ्या. पोट भरून धावू नका. सुरुवात हळू करा. जोर शेवटासाठी राखा. नंबर आला तर आनंदच आहे. पण जमलेली वर्गणी शेवटच्या नंबराचीही तेवढीच कामी येते. म्हणून दौड पुरी करा आणि धडधाकट घरी या.