उंबरठ्यापर्यंत आलेली शुश्रूषा

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या पश्चिमेस सुमारे सहा किलोमीटरांवर, स्वामिमलैच्या शेजारी तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘चुळी’ म्हणजे भोवरा. कावेरी येथे उजवीकडे वळते, म्हणून गावास हे नाव पडले, असे सांगतात. येथील श्वेत विनायकाची मूर्ती समुद्रमंथनाच्या फेसापासून घडली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणूनच तिला अभिषेक घालीत नाहीत. भीमसेनी कापराची पूड तेवढी हलक्या हाताने वाहतात. नाजूक वस्तूस जपावे कसे, याचा हा जणू वस्तुपाठच होय. वाचकहो, मनुष्यदेहही आजारपणात असाच नाजूक होतो. त्यास जपण्याच्या शास्त्राविषयीच आज आपणांशी थोडे बोलावयाचे आहे.

कल्पना करा की, अशाच एखाद्या गावी एका वृद्ध शेतकऱ्यास अर्धांगवायूचा झटका आला आहे. शहरातील सरकारी रुग्णालयात उपचार होऊन तो घरी परतला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पुन्हा येण्यास सांगितले. परंतु ज्यास कूस बदलण्यास दुसऱ्याचा हात लागतो, त्याने सहा किलोमीटर जावे कसे? वाहन ठरवावे, तर मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडते. एक फेरी चुकते, मग दुसरी. गोळ्या संपतात आणि रक्तदाब पुन्हा वाढू लागतो. रुग्णालय जवळ असूनही रुग्णास ते दूरच राहते. आरोग्यसेवेचे अंतर केवळ मैलांत मोजता येत नाही, ते असे.

हा प्रश्न ओळखूनच तामिळनाडू शासनाने 5 ऑगस्ट 2021 रोजी ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही योजना सुरू केली. ‘लोकांचा शोध घेत येणारी वैद्यकसेवा’ असा या नावाचा अर्थ. प्रशिक्षित स्वयंसेविकांनी घरी जाऊन रक्तदाब व मधुमेह तपासावा, निदान झालेल्यांस औषधे पोहोचवावीत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाकडे परिचारिकेने व व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञाने जावे, अशी तिची योजना करण्यात आली. 2024 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या असंसर्गजन्य रोगविषयक कृतिदलाने तिला पुरस्कार दिला. अर्थात या कार्याचा पाया आधीच घातला गेला होता. सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हे देशाचे प्रमाण आहे. तामिळनाडूच्या उपकेंद्रांतून काम करणाऱ्या ग्राम आरोग्य परिचारिकांनी गरोदर माता व बालके यांच्यासाठी घरोघर फिरण्याचा परिपाठ घातला होता. 1994 साली स्थापन झालेल्या राज्याच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने सरकारी दवाखान्यांच्या औषधपुरवठ्यास शिस्त आणली. घरी जाणाऱ्या परिचारिकेची पिशवीच रिकामी असेल, तर तिच्या फेरीचा उपयोग तो काय?

मराठी वाचकांस या भूमीचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. येथे भोसले घराण्याचे राज्य होते. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेले सरफोजी राजे (दुसरे) यांनी ‘धन्वंतरी महाल’ नावाची वैद्यकसंस्था चालविली. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी व डोळ्यांची रंगीत चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांविषयी त्यांनी 1801 साली इंग्रज अधिकाऱ्यास एक पत्र लिहिले. आजारी वाटसरूस तेथे औषध व पथ्याचे अन्न मिळते आणि वाटेतच प्रसूत झालेल्या स्त्रीची काळजी घेतली जाते, असे त्यात नमूद आहे. सेवेने गरजूच्या वाटेवर उभे राहावे, हा विचार या मातीत जुनाच आहे.

महाराष्ट्रानेही याच वाटेने पावले टाकली. पुण्यास 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले. विधवेने वा कुलीन घरच्या स्त्रीने परक्या रुग्णाची सेवा करावी, ही गोष्ट त्या काळी लोकांस रुचणारी नव्हती. पुढे 1970 साली रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेड येथे काम सुरू केले आणि खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांनाच आरोग्याचे धडे देऊन गावाच्या आरोग्यरक्षक बनविले.

तथापि परिचारिका येऊन जाते. उरलेल्या वेळी रुग्ण घरच्यांच्याच हाती असतो. म्हणून काही गोष्टी प्रत्येक कुटुंबास ठाऊक असाव्यात. ज्यास स्वतः हलता येत नाही, त्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे, टाचा व कोपर रोज उजेडात पाहावेत. दाबूनही न मावळणारी लाली किंवा काळसर डाग दिसला, तर ती पुढील जखमेची पूर्वसूचना समजावी. ती जागा चोळू नये. तिच्यावर भार पडू देऊ नये व परिचारिकेस कळवावे. चादर कोरडी व सुरकुत्यांविना असावी. रुग्णास ओढून सरकवू नये, दोघांनी उचलून सरकवावे. अन्नपाणी त्यास बसते करून, लहान घासांनी द्यावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. गिळताना ठसका लागत असेल, तर वैद्यकीय सल्ल्यावाचून भरवू नये. बरे वाटते म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या आपण होऊन बंद करू नयेत. उशाशी एक वही ठेवावी. कोणते औषध केव्हा दिले, रक्तदाब किती भरला, हे तीत लिहावे. सरफोजी राजांच्या वैद्यांनी जी शिस्त पाळली, ती आपणांसही दोन रुपयांच्या पेन्सिलीने पाळता येईल.

आणखी एक गोष्ट. ही सेवा बहुधा घरातील एकाच स्त्रीच्या, सुनेच्या वा लेकीच्या, वाट्यास येते. तिलाही झोप हवी, विसावा हवा. रात्रीची एक पाळी पुरुषांनी घेतली, तर घराचे काही उणे होणार नाही. उलट रुग्णास दोन जाणते हात अधिक लाभतील.

तिरुवलंचुळीच्या फेसाच्या विनायकास भक्त हलक्या हाताने जपतात. आपल्या घरी अंथरुणावर पडलेल्या वडीलधाऱ्यांस तोच हळुवार हात लाभावा, आणि दारी येणाऱ्या परिचारिकेस पाण्याचा एक पेला व बसावयास पाट मिळावा. इतके घडले, तरी शासनाच्या योजनेस घराची जोड मिळाली, असे म्हणता येईल.