शिधा, सुई आणि गुळवेल

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील आठव्या अध्यायात राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत: साहस, वेगांचे धारण, धातुक्षय आणि विषमाशन. चिकित्सेतही मांसरस, दूध, तूप आणि रुग्णाच्या अग्नीस झेपेल असा बृंहण आहार यांना औषधाइतकेच स्थान आहे. हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि व्यवसायात उतरल्यावर पुष्कळांनी बाजूला ठेवले. क्षयजंतू आणि त्यावरील औषधे यांच्यापुढे आहाराचा विषय गौण होय, असे आपल्या मनावर ठसले होते. २०२३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील संशोधनाने तो विषय पुन्हा पुढे आणला आहे. वैद्यबंधूंनी ते मुळातून वाचावे, असे आम्हास वाटते.

आहार गौण ठरला तो काही अविचाराने नव्हे. १९५९ साली मद्रास येथील क्षयरोग केंद्राच्या अभ्यासाने घरी राहून औषधे घेणारे आणि आरोग्यधामात राहून औषधे घेणारे रुग्ण यांची तुलना केली. आरोग्यधामातील आहार आणि विश्रांती निःसंशय चांगली होती. तरीही दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. या एका अभ्यासामुळे गरीब देशांतील लाखो रुग्णांवर घरच्या घरी उपचार करणे शक्य झाले. ते उपकार मोठेच आहेत. परंतु 'औषध चालू असताना रुग्ण बरा होण्यास उत्तम आहार अपरिहार्य आहे काय?' एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर होते. 'त्याच चुलीवर जेवणाऱ्या इतरांना व्याधी होऊ नये यासाठी आहाराचा उपयोग आहे काय?' हा प्रश्न त्यात विचारलाच गेला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही नकारार्थी आहे असे पुढे गृहीत धरले गेले. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील पॅपवर्थ येथे क्षयरुग्णांना कुटुंबासह वसवून निवास, रोजगार आणि पुरेसे अन्न देण्याचा जो प्रयोग १९१८ पासून चालला, त्यात मुलांना संसर्ग होऊनही व्याधी क्वचितच जडला, ही नोंद होती. पण ती विस्मृतीत गेली.

डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी हा धागा पुन्हा उचलला. छत्तीसगडमधील गनियारी येथे जनस्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात आलेल्या क्षयरुग्णांची वजने त्यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. निदानसमयी पुरुषांचे मध्यक वजन सुमारे ४२ किलो आणि स्त्रियांचे सुमारे ३४ किलो होते. चौतीस किलो! 'धातुक्षय' या शब्दाची याहून स्पष्ट व्याख्या कोणत्या टीकाकाराने केली आहे? त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झारखंडमधील चार जिल्ह्यांत, २८ क्षयरोग पथकांच्या क्षेत्रात, २०१९ ते २०२२ या काळात मोठा अभ्यास झाला. त्यात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ व्यक्ती सामील होत्या. धान्य, डाळ, दूधपावडर, तेल असा मासिक शिधा आणि जीवनसत्त्वे दोन्ही गटांतील सर्व रुग्णांना देण्यात आली. भेद केला तो घरातील इतरांच्या बाबतीत. एका गटातील कुटुंबियांनाही शिधा मिळाला, दुसऱ्या गटातील कुटुंबियांना मिळाला नाही. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि जंतुपरीक्षणाने सिद्ध झालेल्या फुप्फुसक्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णांबाबतच्या स्वतंत्र शोधनिबंधात, वजनात होणाऱ्या प्रत्येक एक टक्का वाढीबरोबर मृत्यूचा धोका १३ टक्क्यांनी घटतो, असे दिसून आले.

येथे आमच्या काही मित्रांच्या उत्साहास आवर घालणे आवश्यक वाटते. 'चरकाचे म्हणणे सिद्ध झाले' असे म्हणून हा निबंध सभेत फडकावणे सोपे आहे. झारखंडमधील प्रत्येक रुग्णाला जंतुनाशक औषधांचा पूर्ण क्रम दिला गेला होता, हे मात्र अशा वेळी सांगितले जात नाही. शिधा औषधाच्या जोडीला होता, जागी नव्हता. या संशोधनातून आपल्या हाती पडते ते निराळेच आहे आणि आमच्या मते अधिक मोलाचे आहे. क्षयरुग्ण समोर आला की त्याचे वजन, त्याच्या घरातील माणसांची वजने, चुलीवर काय शिजते आणि आजारी माणसाची मजुरी बुडाल्यानंतर ते किती कमी शिजते, हे विचारणे हा चिकित्सेचाच भाग ठरतो. क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून खासगी व्यावसायिकांनाही बंधनकारक आहे. ती टाळणारा वैद्य रुग्णाला निक्षय पोषण योजनेच्या साहाय्यापासूनही वंचित ठेवतो. २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झालेले हे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे. 'बदनामी नको' म्हणून रुग्णानेच गळ घातली, हे कारण आम्ही अनेकदा ऐकले आहे आणि पूर्वी कधी आम्हीही ते मान्य केले आहे.

शल्यतंत्रातील एका संशोधनाचा उल्लेख ओघात करू. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी देशातील ११ केंद्रांमधील सुमारे १,६०० स्तनकर्करोगी स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रकर्मात अर्बुद काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे, अर्बुदाभोवती लिग्नोकेन हे नित्याचे बधिरीकरण औषध सुईने द्यावयाचे, एवढाच काय तो उपक्रम. सहा वर्षांनंतर जिवंत असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. तुलनागटास खोटी सुई दिलेली नव्हती, हा आक्षेप घेतला गेला आहे आणि तो विचारात घ्यावा लागेल. पण कोणाच्याही मालकीचे न उरलेले, अल्पमोली औषध घेऊन एवढा दीर्घ अभ्यास करण्यास कोणता कारखानदार पैसा देणार होता? आपल्या द्रव्यांचीही अवस्था तीच आहे. आसमंतात उगवणाऱ्या वनस्पतीचा धनी कोणी नसतो, म्हणून तिची परीक्षाही कोणी करीत नाही, ही आपली जुनी तक्रार. टाटाच्या वैद्यांनी ती तक्रार न करता अकरा वर्षे काम केले.

आता आपल्या घरातील गोष्ट. आमवातावर कोइंबतूर येथे झालेल्या अभ्यासाचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील डॉ. डॅनियल फर्स्ट आणि कोइंबतूरचे वैद्य यांनी तो संयुक्तपणे केला. रुग्णसंख्या ४३, काल ३६ आठवडे, गट तीन: आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र. या अभ्यासाची खरी थोरवी त्याच्या रचनेत आहे. 'प्रत्येक रुग्णाची प्रकृती भिन्न, म्हणून आमच्या चिकित्सेची तुलनात्मक परीक्षा होऊच शकत नाही' असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो. कोइंबतूरला वैद्याने प्रत्येक रुग्णास स्वतंत्र योजना लिहून दिली, आवश्यकतेप्रमाणे ती बदलली, आणि तरीही खरे औषध कोणाला आणि हुबेहूब दिसणारे निर्वीर्य औषध कोणाला हे वैद्य व रुग्ण दोघांपासून गुप्त राहिले. हे जमते, हे त्यांनी दाखवून दिले. तिन्ही गटांच्या परिणामांत लक्षणीय भेद आढळला नाही.

यावरून 'आयुर्वेद मेथोट्रेक्सेटच्या तोडीचा ठरला' असे विधान आम्ही किमान तीन संमेलनांत ऐकले. ते बरोबर नाही. ४३ माणसांत भेद न आढळणे म्हणजे भेद नसणे नव्हे. लहान तराजूत मासा-गुंजेचा फरक दिसत नाही. निबंधकर्त्यांनी स्वतः त्यास प्राथमिक अभ्यास असेच म्हटले आहे. तुल्यता सिद्ध करावयाची तर तसा हेतू आधी ठेवून, तेवढी संख्या घेऊन अभ्यास करावा लागतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी जानुसंधिगत वातावर तो केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनेक केंद्रांतील ४४० रुग्ण २४ आठवडे होते. शुंठी, गुडूची, आमलकी आणि शल्लकी या द्रव्यांच्या घनांपासून केलेले योग ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब यांच्या तुल्य ठरले. येथे 'तुल्य' हा शब्द निःशंकपणे वापरता येतो.

परंतु त्याच निबंधात एक वाक्य आहे आणि ते आपल्या व्याख्यानांतून हमखास गळते. आयुर्वेदीय योग घेणाऱ्या सात रुग्णांत, कोणतेही लक्षण नसताना, रक्तातील यकृतविकाराचा निदर्शक असलेले एसजीपीटी वाढलेले आढळले. त्यांचे औषध थांबविण्यात आले आणि ते पूर्ववत झाले. हे अनपेक्षित असून याचा अधिक तपास व्हावा, असे संशोधकांनी प्रांजळपणे लिहिले. हे कोणत्या द्रव्यामुळे घडले हे मिश्रयोगावरून सांगता येत नाही. २०१३ साली आम्हीही ते वाक्य वाचले आणि पुढे गेलो.

ते आठवले २०२१ मध्ये. महामारीच्या काळात गुळवेल घरोघरी पोहोचली होती. ऑक्टोबर २०२० च्या शासकीय आयुर्वेद-योग चिकित्साप्रणालीत गुडूची घनवटीचा समावेश होता, परंतु ठरावीक मात्रेत आणि ठरावीक दिवसांसाठी. प्रत्यक्षात लोक कुंपणावरची वेल तोडून महिनोन्महिने काढा पीत होते. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये पाहिलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध केला: गुळवेलीचे सेवन, त्यानंतर कामला, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी चिन्हे. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही भगिनी जाती असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे. आक्षेप शास्त्रशुद्ध होता. मात्र पुढच्याच वर्षी १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा वृत्तांत आला, आणि प्रश्न मिटला असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

कामलेत ज्या द्रव्याचा स्वरस आपण विश्वासाने देतो त्यानेच कामला होते, हे ऐकून वैद्याचे मन बंड करून उठते. आमचेही उठले. पण आमच्याजवळ एक रुग्णपत्रिका होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षिका अरुची, थकवा आणि मूत्रपीतता घेऊन आल्या. थायरॉइडची गोळी त्या अनेक वर्षे घेत होत्या. आम्ही कामलेचे निदान केले आणि योजनेत गुडूचीस्वरस लिहिला. दोन आठवड्यांनी त्या अधिक पिवळ्या होऊन परतल्या. तेव्हा कोठे आम्ही विचारले, आणि तेव्हा कोठे त्यांनी सांगितले की शेजारच्या वेलीचा काढा त्या जवळजवळ वर्षभर रोज घेत आहेत. 'ते काही औषध नव्हे, म्हणून सांगितले नाही.' आम्ही सर्व बंद करून त्यांना रुग्णालयात पाठविले. दोन-अडीच महिन्यांत तपासण्या पूर्ववत झाल्या. ती वेल कोणत्या जातीची होती हे आम्ही तेव्हा पाहिले नाही, आणि घटनेची नोंद कोठेही कळविली नाही. दोन्ही चुका आमच्याच.

प्रतिकारशक्ती वाढविणारे म्हणून आपण ज्याची कीर्ती गातो, ते ज्याच्या शरीरात ही शक्ती आधीच स्वतःविरुद्ध वळली आहे त्यास अपायकारक ठरू शकेल, ही शंका आयुर्वेदास परकी नाही. द्रव्य, मात्रा, काल, प्रकृती आणि सात्म्य पाहिल्याविना दिलेले औषध आपल्या आचार्यांनी औषध मानलेलेच नाही. स्वयंप्रतिकारजन्य थायरॉइडविकार, आमवात, सोरायसिस किंवा जुना यकृतविकार असलेल्या रुग्णास दीर्घकाळ गुळवेल देण्यापूर्वी आम्ही आता यकृताची तपासणी करून घेतो आणि महिन्याने पुन्हा पाहतो. बाजारातील खोड करडे आणि ठळक गाठाळ दिसले तर क्रिस्पाची शंका घेऊन ते परत करतो. अशा घटना कळविण्यासाठी आयुष औषधींची जी निरीक्षणयंत्रणा २०१८ पासून उभी आहे, तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. संशयित दुष्परिणामाचा नमुना एका बैठकीत भरून होतो. वैद्याने दोष कबूल केला असा त्याचा अर्थ नाही. एक घटना घडली एवढेच त्यात लिहावयाचे असते.

आमच्या रुग्णपत्रिकेत 'घरचे काढे, चूर्णे, रस: काय, किती, केव्हापासून' असा स्वतंत्र रकाना आता आहे. त्या शिक्षिका अजूनही वर्षातून एकदा येतात. शेजाऱ्यांची वेल तशीच आहे. नातवाला वरचेवर ताप येतो, त्याला चार दिवस तिचा काढा द्यावा काय, असे त्यांनी मागच्या खेपेस विचारले. वेलीचा एक तुकडा पानासह आणि नातवाला स्वतः, असे दोघांनाही घेऊन येण्यास आम्ही सांगितले.