हाव : उच्चार एक, कुळे दोन

आइसलँडमध्ये 'हाव' म्हणजे समुद्र. वेल्समध्ये 'हाव' म्हणजे उन्हाळा. दोन्ही भाषांत स्पेलिंग एच-ए-एफ असेच, उच्चारही जवळपास सारखाच. तरीही या दोन शब्दांचे आपसात रक्ताचे नाते नाही!

आइसलँडिक 'हाव' जर्मानिक कुळातला. डॅनिश आणि स्वीडिशमधला समुद्रही त्याचाच भाऊ. 'उचलणे' अशा अर्थाच्या धातूशी त्याचे नाते जोडले जाते. म्हणजे समुद्र हा उसळून वर येणारा. हा शब्द मराठी समुद्रासारखा पुल्लिंगी नाही, नपुंसकलिंगी आहे. 4 विभक्ती आणि 2 वचनांतून तो फिरतो. षष्ठीत तो 'हाफ्स' होतो, अनेकवचनात मात्र त्याचा स्वरच पालटतो आणि साधारण 'होव' असे ऐकू येते. असे का? फार पूर्वी या अनेकवचनाच्या शेवटी 'उ' होता. त्या 'उ'च्या तयारीत ओठ आधीच गोल होत आणि मागचा 'अ'ही गोलावे. पुढे 'उ' गळून गेला, पण त्याने बदललेला स्वर आजही टिकून आहे.

वेल्श 'हाव' पुल्लिंगी. त्याला विभक्तिरूपे नाहीत, अनेकवचन 'हावाय'. त्याचे पूर्वरूप 'समोस'. शब्दारंभीचा 'स' वेल्शमध्ये पुष्कळदा 'ह' झाला, स्वरांमधला 'म' झाला 'व'. संस्कृतात वर्षाला 'समा' म्हणतात; ती याची सख्खी बहीण! वेल्शमध्ये सूर्यासाठीचा 'हाइल' आणि झोपेसाठीचा, आपल्या 'स्वप्न'च्या कुळातला 'हीन' हे शब्दही याच वाटेने आले. इराणी भाषांनीही स्वतंत्रपणे 'स'चा 'ह' केला. 'सप्त'चा तिकडचा भाऊबंद 'हप्ता' फारसीतून मराठीत आला आणि आपण तो दर महिन्याला भरतो.

वेल्श जीवनात हा उन्हाळा खोल रुजला आहे. जून म्हणजे 'मेहेविन', उन्हाळ्याचा मध्य. जुलै म्हणजे 'गोरफेन्नाव', उन्हाळ्याची अखेर. उन्हाळ्यात गुरे घेऊन डोंगरावर राहायला जात, त्या घराला 'हावोड' म्हणत.

म्हणून शब्दांचे गोत्र चेहऱ्यावरून ठरत नाही. ध्वनिबदलाचा नियम एकाच शब्दाला नव्हे, शब्दांच्या ओळीच्या ओळीला लागू पडतो, आणि तोच खरा पुरावा. त्या पुराव्यावर हुबेहूब दिसणारे दोन 'हाव' परके ठरतात, आणि 'समा' व 'हाव' एका घरचे.