इम्पोर्टेड आणि मॉडिफाय केलेली गाडी: ३५ लाखांत मिळते, पण पडते कितीला?

मित्रांनो, समजा रात्री झोपण्याआधी तुम्ही रील्स बघताय आणि एक जाहिरात येते: "इम्पोर्टेड, स्टेज २, लाऊड एक्झॉस्ट, फक्त ३५ लाख." तुम्ही विठ्ठलवाडीत राहता, घरचा धंदा बरा चाललाय, बँक लोन द्यायला तयार आहे. ईएमआयचं गणितही बसतंय. मग अडचण काय? अडचण ही की ३५ लाख ही फक्त आत शिरायची फी आहे. बाकीचा खर्च जाहिरातीत लिहिलेला नसतो. तोच आज समजून घेऊ.

बाहेरची गाडी इतकी महाग का?

सचिन तेंडुलकरची फेरारी आठवते? ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. गाडी फुकट, पण कस्टम ड्युटी साधारण १ कोटी १३ लाख! सरकारने ड्युटी माफ केली, त्यावरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाटने भरली. म्हणजे फुकटच्या गाडीचीही किंमत कोणीतरी मोजावीच लागली.

आजचं गणित बघा. परदेशातून पूर्ण तयार आलेली, बंदरात पोचेपर्यंत ५० लाख पडणारी नवी जपानी गाडी घेऊ (२०२५ चे दर):

- कस्टम आणि सेस मिळून ११० टक्के: ५५ लाख. एकूण १ कोटी ५ लाख
- त्यावर ४० टक्के जीएसटी: ४२ लाख. एकूण १ कोटी ४७ लाख
- महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला २० टक्के रोड टॅक्स: सुमारे २९ लाख

म्हणजे ५० लाखांची गाडी पावणेदोन कोटींच्या वर गेली. यात डीलरचा नफा आणि विमा धरलेलाच नाही. आता स्वतःला विचारा, कोणी ३५ लाखांत देतोय तर नेमकं काय वाचवलंय? गाडी खूप चाललेली असेल, ठोकलेली असेल, नाहीतर टॅक्स भरलेला नसेल.

कागद आधी, गाडी नंतर

विंटेज गाड्यांचा अपवाद सोडला तर परदेशातून जुनी गाडी आणताना ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडेच हवं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. त्यामुळे "भाऊ, २००२ ची जपानी गाडी आहे, मागच्या वर्षीच आणली" असं कोणी म्हणालं, तर तिथूनच निघा.

सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' राबवलं. भूतानमार्गे आणून इथल्या नंबरवर चढवल्याचा संशय असलेल्या अनेक महागड्या गाड्या त्यात जप्त झाल्या. अशा वेळी गाडी उचलतात ती आज जिच्याकडे आहे त्याच्याकडून. लोनचा हप्ता मात्र चालूच राहतो.

दुसऱ्या राज्याचा नंबर असेल तरी सावध. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. आपल्यासाठी कल्याण आरटीओ, म्हणजे एमएच ०५. टॅक्सही इथलाच.

'स्टेज २' म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर फोन रूट करण्यासारखं. गाडीच्या ईसीयू नावाच्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीने मर्यादा घातलेल्या असतात: टर्बोने किती हवा दाबायची, किती पेट्रोल सोडायचं. रिमॅप करून त्या वाढवतात. 'स्टेज २' मध्ये त्याच्या जोडीला एक्झॉस्ट, इनटेक वगैरे पार्टही बदलतात.

ताकद वाढते, हे खरं. पण उष्णता आणि दाबही वाढतो. क्लच, गिअरबॉक्स, टर्बो हे सगळे जुन्या ताकदीच्या हिशोबाने बनवलेले. फोन गरम झाला तर हँग होतो, इथे गिअरबॉक्स बसतो. काही कंपन्यांच्या सिस्टीममध्ये रिमॅपची नोंद कायमची राहते, म्हणजे वॉरंटीही गेली. ट्यून जास्त ऑक्टेनवर केलेली असेल तर साधं पेट्रोल टाकून चालत नाही. १०० ऑक्टेन पेट्रोल लिटरला दीडशे रुपयांच्या वर जातं आणि प्रत्येक पंपावर मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने नोंदवलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स ३ महिने बंद.

खरा फटका मात्र विम्यात बसतो. १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ७,८९७ रुपये, तो परवडतो. पण बदल कळवलेले नसतील तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. मग ३५ लाख गेले, ईएमआय राहिला.

आणि आपले रस्ते

निसान जीटी-आरसारखी गाडी जमिनीपासून जेमतेम ११ सेंटीमीटर वर असते. नियमातला स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच. आपल्या गल्लीतले किती नियमातले आहेत, ते तुम्हीच सांगा! त्यात मॉडिफाय करताना गाडी आणखी खाली बसवलेली असते. पावसाळ्यात वालधुनी भरली की रस्त्यावर पाणी येतं. खाली बसवलेल्या इनटेकमधून ते इंजिनात गेलं की इंजिन जाम. साध्या विम्यात हे सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचा ॲड-ऑन लागतो. बंद पडली तर टोचन लावून ओढायची नाही, फ्लॅटबेडच बोलवा. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चाकांवर ओढली तर गिअरबॉक्सचं नुकसान होऊ शकतं.

टोकन देण्याआधी हे करा

१. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून रजिस्ट्रेशन, विमा आणि लोन बाकी आहे का ते बघा.
२. आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा.
३. कस्टमचं 'बिल ऑफ एंट्री' मागा. "नंतर देतो" म्हणाले तर सौदा नको.
४. कंपनीचे मूळ पार्ट सोबत मिळतायत का ते विचारा. कधीतरी ते परत लावावे लागतील.
५. विमा कंपनीला सगळे बदल ईमेलवर कळवा आणि उत्तर लेखी घ्या.
६. एक टायर सेट, एक क्लच आणि एक मोठी दुरुस्ती यांचं कोटेशन आधीच काढा. तेवढे पैसे बाजूला नसतील, तर गाडी तुमच्या बजेटमधली नाही.

शौक वाईट नाही, मित्रांनो. आवड असेल तर इथेच विकली जाणारी एखादी टर्बो गाडी घ्या, कंपनीने दिली तशीच ठेवा आणि ट्रॅक डेला जाऊन मनसोक्त पळवा. पण घरच्यांच्या सहीवर लोन काढणार असाल, तर हा लेख आधी त्यांना वाचायला द्या.