हाडं कुरतडणाऱ्या पेशींच्या मागावर

आमच्या वाशीमकडे सांधे धरले की एकच शब्द निघतो, वात. माझ्या मायला पहाटे उठल्यावर तासभर भाकरीचं पीठ मळता यायचं नाही. “बोटं वयत नाईत,” म्हणायची आणि गरम पाण्याच्या गंजात हात बुडवून बसायची. आयुष्यभर सोंगणीला विळा धरला, त्याचंच हे, अशी घरात सगळ्यांची समजूत. निघाला आमवात, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराचे राखणदारच, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, घरच्यांवर उलटतात. १९९६मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला सांध्यांच्या आजारांची पाहणी सुरू केली, तेव्हा तिथं दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला हा आजार आढळला.

सूज समजते, पण हाड का झिजतं? पुण्यात गणेशखिंडच्या विद्यापीठ आवारात ‘एनसीसीएस’ हे पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या डॉ. मोहन वाणींनी कारकिर्दीची बरीच वर्षं या प्रश्नाला दिली. पुढं ते त्याच संस्थेचे संचालक झाले, पण मला त्यांचं आधीचं काम जास्त मोलाचं वाटतं.

आपलं हाड रोज थोडं मोडतं, थोडं बांधलं जातं. मोडण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी करतात. आमवातात राखणदार पेशी त्यांना चिथावतात आणि मोडतोड हाताबाहेर जाते. लंडनला टिमथी चेंबर्स यांच्याबरोबर काम करताना वाणींनी या पेशी तयार कशा होतात ते पाहिलं. त्यावरच्या १९९९च्या शोधनिबंधाच्या लेखकांत योंगवॉन चोईही होते. दुसऱ्याच वर्षी चोई आणि जोसेफ ॲरन यांनी हाडं आणि प्रतिकारशक्तीच्या या जोडविषयाला ‘ऑस्टिओइम्युनॉलॉजी’ हे नाव दिलं. बारसं नंतर झालं, काम आधीच सुरू होतं.

वाणींचा पुण्यातला प्रयोग सांगायला सोपा, करायला चिकाटीचा. उंदराच्या हाडातल्या मगजातून पेशी काढायच्या, त्यांना वाढीची द्रव्यं द्यायची आणि काही दिवस थांबायचं. पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या, अनेक केंद्रकांच्या होतात, विशिष्ट रंग दिला की लालसर दिसतात. हाडाच्या पातळ चकतीवर त्यांना सोडलं की त्या खड्डे पाडतात. ते खड्डे सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचे. वाणींच्या चमूनं मगजातल्या कच्च्या पेशींना इंटरल्युकिन-३ हे प्रथिन दिलं. ते राखणदारांपैकीच असलेल्या टी-पेशी तयार करतात. हाडखाऊ पेशी तयार होईनात. पुढं ते प्रथिन काढून घेतलं तरी होईनात. कारण होतकरू पेशींनी वाटच बदलली होती, त्या जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी झाल्या होत्या. श्रुती खापली या पहिल्या लेखिका असलेला हा निबंध २००३मध्ये आला.

२००५मध्ये टीएनएफ या सूज भडकवणाऱ्या रेणूसमोरही हे प्रथिन टिकलं. २०१०मध्ये माणसाच्या पेशींवर तोच पडताळा आला. २०११चा निबंध मात्र थेट मायच्या आजाराशी येऊन भिडतो. उंदरांना कोलॅजन टोचून कृत्रिम संधिवात केला होता. इंटरल्युकिन-३ दिल्यावर त्यांच्या पंजांची सूज उतरली आणि राखणदारांना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढल्या. म्हणजे हे प्रथिन हाडखाऊंना अडवतं आणि बिथरलेल्या राखणदारांनाही लगाम घालतं. मला विचाराल तर या साऱ्या कामाचा कळस तोच.

त्या निबंधाचे पहिले लेखक रूपेश श्रीवास्तव पुढं दिल्लीच्या एम्समध्ये गेले. हाडं ठिसूळ होण्यातही प्रतिकारशक्तीचा हात असतो, हे सांगणारा ‘इम्युनोपोरोसिस’ हा शब्द त्यांनी २०१८मध्ये रूढ केला. धागा पुण्याचाच.

उंदरावर चाललं ते माणसाला लागू पडेलच असं नाही. त्यामुळं वर्तमानपत्रात ‘संधिवातावर रामबाण’ छापून आलं की मी पान उलटतो. आमवाताचं औषध म्हणून इंटरल्युकिन-३ वाशीमच्या मेडिकलात मिळत नाही, पुण्याच्याही नाही. पण आजार वेळेत ओळखला तर हाडं वाचवणाऱ्या गोळ्या आज आहेत. मायला त्या उशिरा मिळाल्या. तेव्हा घरात कुणाची बोटं सकाळी तासभर आखडलेली राहत असतील आणि असं सहा आठवडे चाललं असेल, तर तेल चोळत बसू नका. सांध्यांच्या डॉक्टरला दाखवा.